जुन्या घरासाठी निधी उभा करताना: स्त्री-मताधिकाराच्या स्मारक-घरातल्या कार्यक्रमांचा कामाचा क्रम

जानेवारी उजाडला की मला दोन-तीन फोन ठरलेले. "ताई, फेब्रुवारीत कार्यक्रम आहे, निमंत्रणं गेलीत. आता काय करायचं राहिलंय?" निमंत्रणं गेल्यावर करण्यासारखं फार थोडं उरतं. पैसे कशासाठी, किती माणसं, कुठे बसवायची, पावतीवर काय लिहायचं, हे सगळं छपाईच्या आधी ठरायला हवं असतं. म्हणून हा लेख कामाच्या क्रमाने लिहिला आहे.

अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या बऱ्याच जणी आता गावातल्या छोट्या संग्रहालयांच्या कार्यक्रम समित्यांवर असतात. मंडळाच्या गणपतीचा अनुभव त्यांच्या गाठीशी असतो आणि तो खूप कामाला येतो. पण मंडळ शाळेचा हॉल भाड्याने घेतं. इथे प्रत्येक खुर्ची दीडशे वर्षांच्या फरशीवर ठेवायची असते. घर वाचवायला पैसे गोळा करताना घरच झिजवायचं नाही, एवढी एक गोष्ट मनात धरून पुढचं वाचा. उदाहरणं मुख्यतः रॉचेस्टरच्या १७ मॅडिसन स्ट्रीटवरच्या अमेरिकेतल्या स्त्री-मताधिकार चळवळीच्या नेत्या सुझन बी. अँथनी यांच्या घराची घेतली आहेत आणि नियम अमेरिकेचे आहेत.

## १. पैसे कशासाठी, ते एका वाक्यात लिहा (नऊ महिने आधी)

"संग्रहालयाच्या मदतीसाठी" हे वाक्य पुरत नाही. छप्पर, उताराचा रॅम्प, शाळांच्या सहलींसाठी शिक्षिकेचा पगार, यातलं नेमकं काय? विश्वस्त मंडळाच्या बैठकीत ते ठरवा आणि इतिवृत्तात नोंदवून घ्या.

मात्र नेमकेपणातही एक खाच आहे. निमंत्रणावर "छपरासाठी" छापलंत की तो पैसा छपरालाच बांधला जातो. थंडीत हीटिंगचं बिल थकलं तरी त्याला हात लावता येत नाही. म्हणून मी असं लिहायला सांगते: "या वर्षी छपराची दुरुस्ती आमच्यासमोर आहे, तुमची देणगी घराच्या देखभालीसाठी व उपक्रमांसाठी वापरली जाईल." एखाद्याला फक्त छपरासाठीच द्यायचे असतील तर त्याची नोंद वेगळी ठेवा.

मग अंदाजपत्रक. बहुतेक समित्या एकूण जमा मोजतात, हातात काय उरलं ते मोजत नाहीत. समजा तिकीट १५० डॉलर आणि माणसं १२०. जमा १८,००० डॉलर. जेवण माणशी ५५ म्हणजे ६,६००. हॉल, ध्वनियंत्रणा, छपाई मिळून ३,४००. उरले ८,०००, आणि त्यात कर्मचाऱ्यांचे तास धरलेलेच नाहीत. खर्चाचे १०,००० प्रायोजकांकडून आधी आले असते, तर १८,००० जसेच्या तसे घराला मिळाले असते. तिकीटविक्री उघडायच्या आधी खर्चाइतके प्रायोजक लेखी पक्के करा. हा क्रम उलटा झाला की कार्यक्रम गाजतो आणि खात्यात काही दिसत नाही.

तपासा: उद्देशाचं वाक्य, हाती उरायची रक्कम, आणि माघार घ्यायची शेवटची तारीख, या तिन्ही गोष्टी कागदावर आहेत का? त्या तारखेपर्यंत प्रायोजक मिळाले नाहीत तर कार्यक्रम छोटा करायचा, हे आत्ताच ठरवा.

## २. तारीख

या घराला तारखांची कमतरता नाही. १५ फेब्रुवारी हा अँथनी यांचा जन्मदिवस, साल १८२०. २६ ऑगस्ट हा १९२० साली स्त्रियांच्या मताची १९वी घटनादुरुस्ती अधिकृतपणे जाहीर झाल्याचा दिवस. ५ नोव्हेंबर १८७२ ला त्यांनी कायदा झुगारून मत दिलं आणि १८ नोव्हेंबरला याच घराच्या पुढच्या बैठकीच्या खोलीत त्यांना अटक झाली. सगळ्या तारखा साजऱ्या करायला जाऊ नका. मोठा एकच, बाकी लहान.

फेब्रुवारीत रॉचेस्टरला बर्फ असणार हे धरूनच चाला. हॉलच्या करारात वादळ आलं तर काय, पैसे परत की दुसरी तारीख, हे सही करण्याआधी वाचा. ऑगस्टच्या शेवटी हवा छान असते, पण तुमचे निम्मे स्वयंसेवक मराठी असतील तर पंचांग उघडा. २०२५ साली गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला होती. आदल्या दिवशी मोदकाचं सारण सोडून कुणी खुर्च्या मांडायला यावं, ही अपेक्षा धरू नका.

नोव्हेंबरचा विचार निवडणुकीच्या टप्प्याबरोबर करा, तो पुढे येतोय.

## ३. घरात काय होईल आणि बाहेर काय

सर्वांत जास्त चुका इथे होतात, म्हणून जरा थांबून वाचा.

मोठं जेवण घरात नको. हॉल, हॉटेल, चर्चचं सभागृह काहीही चालेल. घरात लहान गट, ठरलेल्या वेळा, उभ्याने किंवा चालत बघण्याचा कार्यक्रम. देणगीदारांना त्या पुढच्या खोलीत पाच मिनिटं शांत उभं राहू द्या. तिथे अटक झाली होती, हे सांगणारा माणूस नीट बोलणारा असला की त्या पाच मिनिटांचा परिणाम कुठल्याही मेजवानीपेक्षा मोठा होतो.

हॉल बुक करण्याआधी घराची काळजी घेणाऱ्या व्यक्तीला, म्हणजे क्युरेटरला किंवा देखभाल बघणाऱ्यांना, बरोबर घेऊन रिकाम्या घरातून फिरा. हातात कागद ठेवा. प्रत्येक खोलीत एका वेळी किती माणसं, दारं कुठल्या बाजूला उघडतात, जिना किती अरुंद, चाकाची खुर्ची कुठपर्यंत जाते, बाथरूम किती. माणसांचा आकडा अग्निशमन विभागाकडून लेखी घ्या. "मागच्या वर्षी पन्नास मावले होते" हा पुरावा नाही.

मी ज्या घरात मदत करायचे तिथला एक प्रसंग अजून डोळ्यांसमोर आहे. फेब्रुवारीची संध्याकाळ, बाहेर बर्फ, आत एका खोलीत तीसेक माणसं ओल्या कोटांसकट. खोलीत गर्मी झाली, सगळे खुशीत होते. पाऊण तासाने माझं लक्ष खिडकीकडे गेलं. काचेवर आतून पाणी धरलं होतं, ते ओघळून खालच्या लाकडी चौकटीत मुरत होतं, आणि कोपऱ्यातला जुना रंग फुगून वर आला होता. कुणी काही सांडलं नव्हतं, कुणी कशाला हात लावला नव्हता. माणसांचा श्वास आणि कोटांचा ओलावा, बस्स. तेव्हापासून माझा नियम असा: कोट घराबाहेर, तंबूत किंवा शेजारच्या इमारतीत टांगायचे, आणि एक गट वीस मिनिटांत बाहेर.

घरात काय नको:

- उघडी ज्योत. मेणबत्तीही नाही आणि आपली तेलाची समईही नाही. दीपप्रज्वलन करायचंच असेल तर ते हॉलमध्ये, हॉलची परवानगी घेऊन. घरात बॅटरीचे दिवे.
- लाल वाइन, द्राक्षाचा रस, हळद घातलेले पदार्थ, कुंकू, गुलाल, रांगोळीची पूड. हळदीचा डाग जुन्या कापडातून निघत नाही.
- कुंडीतली झाडं आणि फुलदाणीतलं साठलेलं पाणी. झाडांबरोबर कीड येते. लिलीचे परागकण कापडावर डाग पाडतात.
- भिंतीला चिकटपट्टी. जुन्या वॉलपेपरचा थर तिच्याबरोबर निघून येतो.
- टोकदार टाचांचे बूट. निमंत्रणावरच "सपाट पादत्राणं" असं लिहा, म्हणजे दारात कुणाला लाज वाटायची वेळ येत नाही.

अंगणात तंबू ठोकायचा असेल तर खुंट्या मारण्याआधी विचारा. जुन्या घराच्या आवारात जमिनीखाली पाइप असतात आणि जुने अवशेषही असतात. वजनं टाकून उभा राहणारा तंबू मागवा.

प्रेमानेही वस्तू झिजते, हे समितीला पटवायला मी रॉचेस्टरच्याच माउंट होप दफनभूमीचं उदाहरण देते. मतदान करून आलेल्या बायका अँथनी यांच्या कबरीच्या दगडावर "मी मत दिलं"चे स्टिकर लावायच्या. गोंदाने आणि तो साफ करण्याने दगड खराब व्हायला लागला. शेवटी २०२० मध्ये दगडावर पारदर्शक आवरण बसवलं, आता स्टिकर त्याच्यावर लागतात. बायकांना कुणी थांबवलं नाही आणि दगडही वाचला. कार्यक्रमात अशीच वाट शोधा: पाहुण्यांना हात लावायला, सही करायला, चिकटवायला काहीतरी नवीन द्या.

तपासा: प्रत्येक खोलीत एक स्वयंसेवक नेमलाय का? त्याने फक्त खोली सांभाळायची, पाहुण्यांशी गप्पा मारायला दुसरा माणूस.

## ४. परवानग्या आणि विमा

हा टप्पा लवकर उरकतो, पण सुरू उशिरा केला तर कार्यक्रमच अडतो. मद्य देणार असाल तर राज्याचा तात्पुरता परवाना. तंबूला शहराचा. सोडतीची तिकिटं विकणार असाल तर आधी राज्याचे आणि गावाचे नियम विचारा, कारण कायद्याच्या नजरेत तो जुगाराचा प्रकार आहे. केटररकडून विम्याचं प्रमाणपत्र घ्या, मद्याची जबाबदारी त्यात वेगळी लिहिलेली असावी आणि संग्रहालयाचं नाव जोडीला विमाधारक म्हणून असावं. देणग्या मागण्यासाठी संस्थेची राज्याकडची नोंदणी चालू आहे ना, तेही बघा. न्यू यॉर्कमध्ये ते काम अ‍ॅटर्नी जनरलच्या कार्यालयाकडे असतं.

सप्टेंबर २०२१ मध्ये मॅडिसन स्ट्रीटच्या घराच्या मागच्या पोर्चला आग लागली होती. पोर्चचं नुकसान झालं, घर बचावलं. आग कार्यक्रमाची वाट बघत नाही, म्हणून बाहेर पडायचे दोन मार्ग आणि आग विझवायची नळकांडी कुठे आहेत, हे प्रत्येक स्वयंसेवकाला चालत दाखवा. व्हॉट्सअ‍ॅपवर नकाशा पाठवणं पुरेसं नाही.

## ५. मताधिकार हा विषय, पण उमेदवार नाही

मताधिकाराच्या घरात राजकारणाची चर्चा येणारच, यायलाच हवी. पण करमुक्त धर्मादाय संस्थेला, म्हणजे ५०१(सी)(३) दर्जाच्या संस्थेला, कुठल्याही उमेदवाराच्या बाजूने किंवा विरोधात काहीही करायला पूर्ण बंदी आहे. थोडंसं चालतं असं यात नाही. दर्जाच जाऊ शकतो.

मतदार नोंदणीचं टेबल चालतं, मात्र कुठल्याही पक्षाकडे न झुकता. एकाच उमेदवाराला उमेदवार म्हणून बोलायला बोलावणं, व्यासपीठावरून त्याचा प्रचार होऊ देणं, देणगीदारांची यादी प्रचाराला देणं, हे चालत नाही. निवडून आलेल्या प्रतिनिधीचा सत्कार करायचा आणि ती व्यक्ती त्याच वेळी निवडणुकीला उभी असेल, तर सत्कार निवडणुकीनंतर ठेवा.

वक्त्यांना हे लेखी कळवा. आणि अचानक बातमीत यायची वेळ आली तर कोण बोलणार, ते आधी ठरवा. ऑगस्ट २०२० मध्ये राष्ट्राध्यक्षांनी अँथनी यांना १८७२ च्या मताच्या खटल्यात मरणोत्तर माफी जाहीर केली, तेव्हा संग्रहालयाने ती नाकारण्याची भूमिका मांडली: माफी स्वीकारणं म्हणजे त्या खटल्याला मान्यता देणं. खटल्यात झालेला १०० डॉलरचा दंड अँथनी यांनी कधीच भरला नव्हता, त्याला धरूनच ही भूमिका होती. ती संस्थेची म्हणून बाहेर आली. तुमच्याकडे पाच स्वयंसेवक पाच वेगळ्या पोस्ट टाकतील, तर ते संस्थेचं मत मानलं जाईल.

## ६. निमंत्रणाचा मजकूर

छापण्याआधी हा मजकूर इतिहास माहीत असलेल्या माणसाकडून तपासून घ्या. मला वारंवार दिसणाऱ्या चुका:

"१९२० मध्ये अमेरिकेतल्या सगळ्या स्त्रियांना मत मिळालं." नाही. दक्षिणेतल्या काळ्या स्त्रियांना मतदानासाठीचा कर, साक्षरतेची परीक्षा आणि दहशत यांनी १९६५ च्या मतदान हक्क कायद्यापर्यंत अडवून ठेवलं. सगळ्या मूळ अमेरिकन लोकांना नागरिकत्वच १९२४ मध्ये मिळालं. आणि आपल्या वाचकांना हे ठाऊक असावं: सर्वोच्च न्यायालयाच्या १९२३ च्या थिंड निकालानंतर भारतीयांना अमेरिकेचं नागरिक होण्याची वाट बंद झाली, ती १९४६ च्या कायद्याने उघडली. नागरिकत्व नाही तर मत कुठलं? "स्त्री म्हणून मत नाकारता येणार नाही, असं १९२० मध्ये राज्यघटनेत आलं" एवढं लिहा, ते खरं आहे.

रंग. अमेरिकेतल्या नॅशनल वुमन्स पार्टीचे रंग जांभळा, पांढरा, सोनेरी. जांभळा, पांढरा, हिरवा हे ब्रिटनमधल्या पँकहर्स्ट यांच्या संघटनेचे. टेबलावर हिरव्या फिती लावल्या तर जाणकार देणगीदाराच्या लगेच लक्षात येतं.

इंटरनेटवरची वाक्यं. अँथनी यांच्या नावावर खूप काही फिरतं. मूळ भाषण किंवा पत्र दाखवता आलं नाही तर वाक्य वापरू नका.

मराठी मंडळींना बोलावताना आपला दुवा जरूर सांगा, पण खरा सांगा. १८८८ साली वॉशिंग्टनला आंतरराष्ट्रीय महिला परिषद भरली. ती बोलावणाऱ्यांत अँथनी पुढे होत्या, आणि पंडिता रमाबाई त्या परिषदेत होत्या. एवढा दुवा पुष्कळ आहे. त्या दोघींची मैत्री, घरी येणंजाणं असलं काही कागदाशिवाय जोडू नका.

सावधान: या घराच्या चळवळीत वंशभेदाच्याही खुणा आहेत. १९१३ च्या वॉशिंग्टनमधल्या मोर्चात काळ्या पत्रकार आयडा बी. वेल्स यांना शेवटी चालायला सांगितलं होतं, ते त्यांनी ऐकलं नाही. वक्त्यांच्या यादीत काळ्या अभ्यासकांना पहिल्या बैठकीपासून सामील करा, शेवटच्या आठवड्यात जागा भरायला नको.

## ७. तिकीट आणि पावती

पावतीचा मसुदा तिकिटाबरोबरच तयार करा.

१५० डॉलरचं तिकीट म्हणजे १५० डॉलरची देणगी नव्हे. पाहुणा ५५ डॉलरचं जेवला, तर देणगी ९५. देवाणघेवाण असलेली रक्कम ७५ डॉलरच्या वर असेल तर हा हिशोब संस्थेने लेखी द्यायलाच लागतो. चुकलं तर प्रत्येक तिकिटामागे १० डॉलर, एका कार्यक्रमासाठी कमाल ५,००० डॉलर दंड होऊ शकतो.

दोन गैरसमज. पहिला: "केटररने जेवण फुकट दिलं, म्हणजे पूर्ण १५० देणगी." नाही. तुम्हाला काय खर्च आला हे बघत नाहीत, पाहुण्याला बाहेर त्या जेवणाला किती मोजावे लागले असते ते बघतात. दुसरा: "मी आलेच नाही, मग करात पूर्ण वजावट." तिकीट घेऊन घरी बसलं तरी जेवणाचा हक्क मिळालेला असतो. येणार नसाल तर तिकीट न घेता सरळ देणगी द्या, असा पर्याय निमंत्रणावर ठेवा.

२५० डॉलर किंवा त्याहून मोठ्या देणगीला लेखी पोच हवी आणि बदल्यात काही दिलं की नाही हे तीत स्पष्ट हवं. सोडतीच्या तिकिटाला वजावट नाही. लिलावात बाजारभावापेक्षा जास्त दिलेली रक्कमच देणगी, म्हणून प्रत्येक वस्तूचा बाजारभाव यादीत आधी छापा. कुणी आपल्या सुट्टीच्या घरातला एक आठवडा लिलावाला दिला तर त्या देणाऱ्याला वजावट मिळत नाही. वस्तू स्वीकारतानाच हे सांगा, एप्रिलमध्ये कर भरताना वाद नको. डोनर अ‍ॅडव्हाइज्ड फंडातून, म्हणजे देणगीदाराने आधीच दान करून ठेवलेल्या आणि त्याच्या सल्ल्याने वाटल्या जाणाऱ्या निधीतून, तिकीट घेऊ देऊ नका. प्रायोजकाचं नाव आणि बोधचिन्ह छापायला हरकत नाही, "शहरातलं सर्वोत्तम दुकान, २० टक्के सूट" असं छापलं की ती जाहिरात होते आणि कराचा प्रश्न उभा राहतो.

तपासा: खजिनदाराने तिकिटाचा मजकूर वाचून सही केली आहे का?

## ८. त्या दिवशी पैसे मागायची वेळ

मागणं एकदाच, चार-पाच मिनिटांत, जेवण पोटात गेल्यावर आणि गोड येण्याच्या आधी. त्या वेळी वाढपी थांबलेले, दारं बंद, पडद्यावर फक्त छपराचं चित्र. बोलणारी व्यक्ती एकच. तिने आधी स्वतः दिलेलं असावं.

या शेवटच्या गोष्टीला अँथनी यांच्याच आयुष्यात आधार आहे. रॉचेस्टर विद्यापीठात मुलींना प्रवेश मिळावा म्हणून १९०० साली ५०,००० डॉलर उभे करायचे होते. मुदत संपायला आली आणि ८,००० कमी होते. ऐंशी वर्षांच्या अँथनी गाडीत बसून दारोदार फिरल्या, आणि शेवटचे २,००० त्यांनी आपल्या आयुर्विम्याच्या पॉलिसीवर लिहून दिले. मुलींना प्रवेश मिळाला.

प्रत्येक टेबलावर कार्ड आणि पेन आधीच ठेवा. आकडे वरून खाली लिहा, मोठा आधी. मागून झालं की एक मिनिट कुणी बोलू नये, संगीतही नको. लोक लिहीत असतात. निवेदक त्या शांततेला घाबरून पुढची घोषणा करतात आणि कार्डं कोरी राहतात. ती कार्डं टेबलावरच्या यजमानाने गोळा करायची. "बाहेर पेटीत टाका" म्हटलं की अर्धी पर्समध्ये घरी जातात.

रोख रक्कम दोघांनी मिळून मोजायची, दोघांच्या सह्या, त्याच रात्री लिफाफा बंद.

## ९. दुसऱ्या दिवसापासून दहा दिवस

सकाळी आधी घर. तिसऱ्या टप्प्यातला कागद घेऊन त्याच व्यक्तीबरोबर त्याच खोल्यांतून फिरा. डाग, ओरखडे, खिडक्यांच्या चौकटी, गालिच्याखालचा ओलावा, सांडलेले कण. फोटो काढा, तारीख टाका. उंदरांना आणि मुंग्यांना रात्रभराचा वेळ मिळालेला असतो, म्हणून कचरा आदल्या रात्रीच आवाराबाहेर गेला होता ना, हे विचारा.

दोन दिवसांत आभारपत्रं. छापील मजकुराखाली हाताने लिहिलेली एक ओळ, ज्यात त्या माणसाने त्या दिवशी काय विचारलं किंवा सांगितलं त्याचा उल्लेख असेल. हे जमावं म्हणून कार्यक्रमातच एका स्वयंसेवकाला वही देऊन ठेवा. पावती आभारपत्रातच जोडा.

कार्डावर लिहिलेला आकडा म्हणजे आलेला पैसा नव्हे. दहाव्या दिवसापर्यंत ज्यांचे आले नाहीत त्यांना फोन करा, ईमेल नको. कार्यक्रमाची एकूण मिळकत देणग्यांसह १५,००० डॉलरच्या वर गेली तर वार्षिक विवरणपत्राबरोबर कार्यक्रमांचं वेगळं परिशिष्ट भरावं लागू शकतं, म्हणून जमा, जेवणाचा बाजारभाव आणि खर्च हे तीन रकाने आत्ताच वेगळे करून खजिनदाराकडे द्या. आणि खोल्यांच्या तपासणीचा तो कागद, फोटोंसकट, पुढच्या वर्षीच्या फाइलमध्ये सर्वांत वर लावा.